दोन डाव्या हातांचा सैनिक: पॅकबंद ॲक्शन फिगरमधले कारखान्यातले दोष कसे ओळखायचे आणि पुढे काय करायचं

एका दिवाळीला मी स्वतःलाच एक सहा इंची सैनिक, म्हणजे हातपाय वाकवता येणारी खेळण्यातली ॲक्शन फिगर, भेट दिला. कुरियर आल्याआल्या टेप कापली, ट्रे ओढला, तारा सोडवल्या आणि त्याच्या हातात बंदूक द्यायला गेलो. बंदूक काही केल्या बसेना. दोन मिनिटं झटापट केल्यावर लक्षात आलं की उजवा तळहात मांडीकडे वळवला तर अंगठा पाठीमागे जातोय. उजव्या दंडाच्या निम्म्यापासून खाली डावाच हात जोडलेला होता. गड्याला दोन्ही हात डावे!

विक्रेत्याला कळवलं. त्यानं विचारलं, बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ आहे का? नव्हता. सीलचा फोटो? तोही नव्हता. बॉक्सचं झाकण तर मी उत्साहाच्या भरात फाडलंच होतं. तक्रार तिथंच संपली. दोष कारखान्याचा होता, पण तो सिद्ध करायची संधी मी माझ्या हातानं घालवली होती. म्हणून हा लेख त्या क्रमानं लिहिलाय ज्या क्रमानं मी तेव्हा वागायला हवं होतं: आधी बंद डब्यात बघायचं, मग नोंद ठेवून उघडायचं, मग दोष कारखान्याच्या कुठल्या टप्प्यावर झाला ते शोधायचं, आणि त्यानंतरच परत करायचं, दुरुस्त करायचं की तसंच ठेवायचं ते ठरवायचं.

डबा बंद असतानाच

दुकानात असाल तर एकच डबा उचलून काउंटरकडे जाऊ नका. त्याच पात्राचे जेवढे डबे असतील तेवढे शेजारी शेजारी उभे करा. एकट्या चेहऱ्याकडे बघून डोळे तिरळे आहेत की मूर्तीच तशी घडवलीय ते कळत नाही. तीन चेहरे ओळीत ठेवले की लगेच कळतं. मोबाइलचा टॉर्च समोरून मारलात तर प्लास्टिकच्या खिडकीवर चकाकी येते. तो बाजूनं, तिरका धरा.

नजर कुठून कुठे न्यायची याची सवय लावून घ्या. माझी चेहऱ्यापासून सुरू होते: बुबुळं एका रेषेत आहेत का, केसांचा रंग कपाळावर उतरलाय का, ओठांचा रंग ओठांवरच आहे का. मग अंगठे, दोन्ही बाजूंचे. मग गुडघ्याच्या वाट्या, कारण मांडी किंवा पोटरी उलटसुलट लागली की वाटी पाठीमागे जाते. मग पावलं, दोन्ही एकाच पायाची नाहीत ना. शेवटी ट्रेमधल्या वस्तू मोजायच्या आणि बॉक्सच्या मागच्या फोटोशी ताडून बघायच्या. हे सगळं मिनिटाभरात होतं. दुकानदार थोडा वैतागतो, पण चारातला चांगला नग निवडणं हा आपला हक्कच आहे.

खिडकीच नसेल तर मात्र पंचाईत. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीनं २०१९ मध्ये जाहीर केलं होतं की नव्या खेळण्यांच्या पॅकिंगमधलं प्लास्टिक २०२२ च्या अखेरपर्यंत जवळजवळ काढून टाकू. त्यानुसार सहा इंची फिगर पूर्ण बंद पुठ्ठ्याच्या डब्यात येऊ लागल्या. हेतू चांगला होता. पण संग्राहकांना चेहरा न बघता पैसे मोजावे लागू लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे लबाडांचं फावलं: आतला नवा नग काढून त्या जागी जुनी मोडकी फिगर घालायची आणि डबा दुकानात परत करायचा. शेवटी २०२३ मध्ये कंपनीनं खिडक्या परत आणत असल्याचं सांगितलं. त्या मधल्या काळातले बिनखिडकीचे डबे अजूनही बाजारात फिरतात. तसला डबा घेताना टेपकडे बारकाईनं बघा. कारखान्यातली टेप किंवा गोल चकती एकदाच चिकटलेली असते. सोडवून पुन्हा लावली की तिच्याखाली पुठ्ठ्याचे तंतू उपटलेले दिसतात, कडेला धूळ बसते, आणि जुन्या जागेचा ठसा नव्या जागेशी जुळत नाही.

कार्डावर चिकटवलेल्या फिगरमध्ये, म्हणजे मागे पुठ्ठा आणि पुढे प्लास्टिकचा बबल, डावीकडून उजवीकडे बबलची कड तपासा. कड सलग दाबलेली हवी. एखाद्या कोपऱ्यात नख शिरत असेल तर तिथं एकतर कारखान्यात चिकटवण कमी पडलीय किंवा कुणीतरी आत जाऊन आलंय.

उघडताना

ऑनलाइन मागवलं असेल तर व्हिडिओ एकाच सलग टेकमध्ये घ्या. सुरुवात कुरियरच्या लेबलपासून, मग बाहेरचं खोकं सगळ्या बाजूंनी, मग आतला डबा सगळ्या बाजूंनी, सील जवळून, आणि मगच सुरी. फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला तरी चालेल. मध्ये थांबवला मात्र चालत नाही, कारण तुकडे जोडलेला व्हिडिओ कुणी मानत नाही.

उघडण्याआधी डब्याच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला ठोकलेला बारीक आकडा टिपून ठेवा. हा उत्पादनाचा कोड. हॅस्ब्रोच्या मालावर तो बहुधा आकड्यांनी सुरू होतो: पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ४०३२ नं सुरू होणारा कोड म्हणजे ४ नं संपणाऱ्या वर्षाचा बत्तिसावा दिवस, १ फेब्रुवारी. असाच कोड बऱ्याचदा फिगरच्या अंगावरही, पायाच्या किंवा मांडीच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. डब्यावरचा आणि अंगावरचा दिवस अगदी तोच नसतो, पण वर्षच वेगळं निघालं तर आत दुसऱ्याच नगाचा पाहुणा बसलाय असं समजा.

टेप ब्लेडनं कापा, ओढू नका. तारा, रबरं, पारदर्शक पिशव्या एका पाकिटात जमा करा. परत पाठवायची वेळ आली तर हेच सामान मागतात.

दोष कुठल्या टप्प्यावर झाला?

माझा एक मित्र भोसरीला इंजेक्शन मोल्डिंगच्या शेडमध्ये आहे. त्याच्याकडे स्विचचे सांगाडे बनतात, फिगर नाहीत, पण यंत्र तेच. त्याला माझ्या कपाटातली कुठलीही फिगर दाखवली की तो चेहऱ्याकडे बघतसुद्धा नाही. काखेत बघतो, मांडीच्या आत बघतो आणि म्हणतो, "गेट इथं आहे बघ." प्लास्टिक साच्यात जिथून शिरतं ती जागा म्हणजे गेट. तिथं बारीक कापल्याची खूण राहतेच. तो दोष नव्हे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं अंगावर उठणारी केसासारखी रेघ, तीही दोष नव्हे. नव्या संग्राहकांच्या निम्म्या तक्रारी या दोन खुणांबद्दल असतात.

साच्यातले खरे दोष वेगळे. साचा झिजला किंवा नीट आवळला गेला नाही तर प्लास्टिक फटीतून बाहेर येतं आणि कडेला पापडाच्या काठासारखा पातळ पदर राहतो. त्याला फ्लॅश म्हणतात. नव्या ब्लेडनं हलकेच खरवडला की निघतो. प्लास्टिक पुरेसं पोचलं नाही तर बोटाचं टोक, तलवारीची अणी अर्धवट राहते. तो शॉर्ट शॉट, आणि त्यावर घरी इलाज नाही. छाती किंवा मांडीसारखा जाड भाग आतून सावकाश थंड होतो, आकसतो आणि वरून खळगा पडतो. अंगावर चंदेरी रेघोट्या दिसल्या तर मित्राच्या भाषेत "दाणा ओला होता". दाणा म्हणजे वितळवायचा कच्चा प्लास्टिक. एबीएस या कडक प्लास्टिकचा दाणा हवेतलं पाणी ओढून घेतो. मशीनमध्ये टाकण्याआधी तो सुमारे ८० अंशांवर काही तास वाळवावा लागतो. तिथं कुणी घाई केली की वाफ होऊन अशा रेघा उमटतात. दिसायला वाईट, पण फिगर टिकाऊपणात कमी पडेलच असं नाही. सांध्याच्या खिळीजवळ रेघा असल्या तर मात्र मी परत करतो.

रंगाच्या टप्प्यावर दोष सगळ्यात जास्त आणि सगळ्यात उघड. मोठे भाग धातूच्या मुखवट्यातून फवारून रंगवतात. मुखवटा घट्ट बसला नाही तर पट्ट्याचा रंग पोटावर उडतो. डोळे, भुवया, छातीवरचं चिन्ह हे बहुधा पॅड प्रिंटिंगनं होतं: कोरलेल्या पाटीवरची शाई मऊ सिलिकॉनचा गोळा उचलतो आणि चेहऱ्यावर टेकवतो, देवळात कपाळाला गंध लावतात तसा. डोकं खाचेत जरासं वळलेलं असेल तर बुबुळ डोळ्याच्या कोपऱ्यात जातं. हल्ली चेहरे डिजिटल छपाईनंही करतात. भिंगातून बघितलं तर तिथं वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे बारीक ठिपके दिसतात. या दोन पद्धतींत बिघाडही वेगवेगळा दिसतो. पॅडच्या कामात बहुतेकदा एकच गोष्ट सरकते, फक्त भुवई किंवा एकच डोळा. डिजिटल छपाई सरकली की अख्खा चेहरा एकाच बाजूला सरकतो, आणि माणूस मुखवटा घालून फिरतोय असं वाटतं. पहिला प्रकार बारीक कुंचल्यानं सुधारता येतो. दुसरा सुधारायच्या भानगडीत पडू नका, डोकं बदलून मागा.

रंगाचा एक दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही: रंग सांध्यात उतरून तिथंच वाळलेला असतो. फिगर अगदी देखणी असते आणि पहिल्यांदा कोपर वाकवताना खिळीच तुटते.

अडकलेला सांधा

इथं थोडं थांबूया. सगळ्यात जास्त फिगर कारखान्यात नाही, आपल्या हातात मोडतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या पाच मिनिटांत.

नवी फिगर हातात आली की कुठलाही सांधा वाकवण्याआधी तो नुसता चाचपा. थोडासा हलतोय का? एक अंश हलला तरी पुरे, पुढे तो येईल. अजिबात दगड असेल तर जोर लावू नका. खिळीच्या बुडाशी पांढुरकी रेघ उमटली तर तिथल्या तिथे हात काढा. प्लास्टिक आतून फाटायला लागल्याची ती खूण आहे, आणि ती रेघ पुन्हा जात नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या खिळ्या तर फारच ठिसूळ. अंगावर पारदर्शक भाग असलेल्या भुताखेतांच्या, बर्फाच्या, अदृश्य होणाऱ्या पात्रांच्या सांध्यांना हात लावताना मी श्वास रोखतो.

आधी ठरवा की परत करायची की नाही. परत करायची असेल तर सांध्याला काहीही करू नका, अडकलेल्या अवस्थेतच व्हिडिओ घ्या. ठेवायची असेल तर चहाच्या पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा आणि दोनतीन मिनिटं थांबा. खदखदतं पाणी नको. मऊ पीव्हीसी ८० अंशांच्या अलीकडेच नरमतं. एबीएसला साधारण १०० अंशांच्या वर लागतं, म्हणून याच पाण्यात पीव्हीसीचा हात लवचिक होतो, पण एबीएसचं धड आपला आकार सोडत नाही. फक्त अडकलेला भाग अर्धा ते एक मिनिट बुडवा. कापडी पोशाख, कागदी लेबल किंवा आत दिवा लागणारी फिगर असेल तर पाणी नको, केस वाळवायचं यंत्र लांबून फिरवा. बाहेर काढल्यावर टॉवेलमध्ये धरा आणि सांधा ज्या दिशेला वाकायला बनवलाय त्याच दिशेला, घड्याळाच्या लंबकासारखा, थोडा पुढे थोडा मागे. पिळू नका. एकदा सुटला की पूर्ण फिरवून घ्या, नाहीतर थंड झाल्यावर पुन्हा धरतो. त्यानंतर सिलिकॉन तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकानं.

घरात जे तेल असेल ते ओतू नका. खोबरेल थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल आणि गंजावर मारायचे स्प्रे यांतली खनिज तेलं काही प्लास्टिकना बाधतात. ताण असलेल्या जागी एबीएसला तडे जाऊ शकतात, आणि सांधा म्हणजे ताणाचीच जागा.

उलटा त्रासही असतो: सांधा इतका ढिला की सैनिक उभा राहात नाही. यावर पारदर्शक नेलपॉलिश लावा असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो पटत नाही. नेलपॉलिशमधला पातळ करणारा द्रव एबीएस खातो, आणि नेलपॉलिश काढायचं द्रावण तर त्याला विरघळवूनच टाकतं. चित्रकलेच्या दुकानात पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक वार्निश मिळतं, ते बारीक कुंचल्यानं खिळीवर लावा आणि वाळेपर्यंत सांधा मधूनमधून हलवत राहा. एका थरानं भागलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुसरा.

वाकडी तलवार, झुकलेला भाला हा सगळ्यात सोपा रोग. गरम पाण्यात बुडवा, बोटांनी सरळ करा, लगेच बर्फाच्या पाण्यात धरा. काही आठवड्यांनी ती थोडी पुन्हा वाकते, तेव्हा पुन्हा करायचं.

जोडणी, पॅकिंग, आणि वयाचे दोष

जोडणीतल्या चुका मोजक्या पण मजेशीर असतात: दोन डावे हात, दोन उजवे पाय, दुसऱ्याच पात्राचं डोकं, छातीच्या दोन फाळ्यांमधून उतू गेलेला डिंक. इथं माणसाचा हात असतो आणि समोर एकसारख्या भागांचे ढीग, म्हणून चूक होते. पॅकिंगच्या टेबलावरच्या चुका म्हणजे हत्यार घालायचं राहिलं, चुकीच्या कार्डावर चुकीचं पात्र, किंवा बबलमध्ये फिगर डोकं खाली पाय वर.

वाहतुकीतला आणि गोदामातला मार वेगळा ओळखा, कारण तक्रार वेगळ्या दारात जाते. कार्डाचा कोपरा दुमडलाय आणि बाहेरच्या खोक्यालाही त्याच जागी पोचा आहे, तर तो कुरियरचा. खोकं धडधाकट आणि आतलं कार्ड मोडलेलं, तर पाठवणाऱ्यानं तसंच भरलं.

आपल्याकडे आणखी एक भर पडते ती पावसाळ्याची. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर कार्डं पुरीसारखी फुगतात, बबलचा डिंक सुटतो, पुठ्ठ्याच्या कडेला बुरशी धरते. लोक याला "फॅक्टरी डिफेक्ट" म्हणून विकतात किंवा तक्रार करतात. कार्डं भिंतीला लागून ठेवू नका, उभी ठेवा, बंद डब्यात सिलिका जेल घाला आणि ते दर काही आठवड्यांनी तापवून पुन्हा वापरा. बबल पिवळा पडणं हा उजेडाचा आणि वयाचा परिणाम. मऊ पीव्हीसी चिकट होतं, कारण त्यात मुरवलेला मऊ करणारा द्रव हळूहळू बाहेर येतो. बंद डब्यात वर्षानुवर्षं पडलेल्या फिगरला हे जास्त होतं. कोमट पाणी आणि भांड्यांचा सौम्य साबण एवढंच पुरतं.

जी. आय. ज्यो या हॅस्ब्रोच्या जुन्या खेळण्यातल्या सैनिकांचंही तसंच. १९८२ पासूनच्या पावणेचार इंची आवृत्तीत कंबर आणि छाती आतल्या एका रबरी कड्यानं धरलेली असते. पॅकबंद नगातही ते रबर वाळून तुटतं आणि पाय लोंबकळतात. मागं स्क्रू असतो. तो काढा, जुनं कडं नळदुरुस्तीच्या दुकानात दाखवा, त्याच मापाचं नवं मागा. ट्रान्सफॉर्मर्सच्या काही जुन्या रोबोंमध्ये सोनेरी चमक मिसळलेलं प्लास्टिक वर्षांनी बिस्किटासारखं फुटतं. तो मात्र मिश्रणातलाच दोष. अशा रोबोला हात न लावणं हाच इलाज.

परत करायची असेल तर

कायदा आपल्या बाजूला बराच आहे, पण तो आपण वापरत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. नाही लावला तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची. पाचसहा हजारांच्या फिगरसाठी आयोगापर्यंत जायची वेळ क्वचितच येते. पत्रात या तरतुदींचा उल्लेख असला की उत्तर लवकर येतं, एवढा माझा अनुभव आहे.

पत्र थोडक्यात आणि नेमकं असू द्या. "खेळणं खराब आहे, खूप निराशा झाली" असं लिहिलं की पलीकडचा माणूस तयार उत्तर चिकटवतो. त्यापेक्षा असं:

"ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख अमुक. फिगरच्या उजव्या दंडाला निम्म्यापासून खाली डावा हात जोडलेला आहे. हा जोडणीतला दोष असून घरी दुरुस्त होण्यासारखा नाही. सोबत सील असलेल्या डब्याचे सगळ्या बाजूंचे फोटो, उत्पादन कोडचा फोटो, दोन्ही हात शेजारी दिसणारा फोटो आणि उघडतानाचा सलग व्हिडिओ जोडला आहे. बदली नग किंवा पूर्ण परतावा, यांपैकी काय देणार ते कळवावे."

डब्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, ग्राहक सेवेचा फोन आणि किंमत छापलेली असणं भारतात सक्तीचं आहे. ते लेबल नसेल तर माल आडमार्गानं आलाय आणि बदलीची आशा सोडा.

परदेशातून स्वतः मागवलेल्या फिगरचं गणित वेगळं. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. बदली नग आला तरी तोही आयातच. कस्टम पुन्हा मोजायला बसू शकतं. म्हणून तिकडच्या विक्रेत्याशी अख्ख्या फिगरबद्दल भांडण्यापेक्षा फक्त सुटा भाग किंवा थोडा परतावा मागा. बरेच जण तो देतात, कारण परतीचा टपालखर्च त्यांनाही नको असतो.

की तसंच ठेवायचं?

"एरर पीस आहे, किंमत येईल" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. तिरळे डोळे, उडालेला रंग, खळगा पडलेली मांडी यांना किंमत येत नाही. त्या हजारोंनी असतात. किंमत येते ती लांबूनही उघड दिसणाऱ्या आणि अजून पॅकबंद असलेल्या चुकीला: उलटी फिगर, चुकीच्या कार्डावरचं पात्र, रिकामा बबल. तीसुद्धा ते पात्र मुळात कुणाला हवं असेल तर.

चूक आणि प्रकार यांतही गल्लत होते. फनस्कूल ही १९८७ साली एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून काढलेली कंपनी, गोव्यात कारखाना. तिनं भारतात विकलेल्या जी. आय. ज्यो सैनिकांचे रंग अमेरिकी आवृत्तीपेक्षा पुष्कळदा वेगळे असत. आमच्या पिढीला वाटायचं आपल्याला चुकीचे मिळाले. आज परदेशातले संग्राहक तेच शोधत येतात. तो दोष नव्हता, तो वेगळा उत्पादन प्रकार होता, आणि त्याची किंमत वेगळ्या हिशोबानं ठरते. उलट, १९६४ च्या पहिल्या बारा इंची जी. आय. ज्योच्या उजव्या अंगठ्याचं नख आतल्या बाजूला कोरलं गेलं, ही खरी चूक होती. कंपनीनं ती तशीच ठेवली, कारण नक्कल करणाऱ्याला ओळखायला ती उपयोगी पडली. प्रत्येकच नगात असल्यामुळे तिला दुर्मीळ म्हणता येत नाही.

जिथं किंमत तिथं बनावट. स्टार वॉर्सच्या १९७८ च्या खेळण्यांत जावा या बुटक्या पात्राला आधी व्हिनाइलचा झगा होता, मग कापडी आला. व्हिनाइलवाला महाग, म्हणून ओबी-वान या दुसऱ्या पात्राचा मोठा झगा कापून जावाला घालण्याचे उद्योग झाले. कार्डवाल्या "चुका" तपासताना अंधारात अतिनील टॉर्च मारा: पुन्हा लावलेला डिंक मूळच्या चिकटवणीपेक्षा वेगळा चमकतो, आणि उपटलेले कागदाचे तंतू उजळ दिसतात. मोठी रक्कम असेल तर अमेरिकेतल्या एएफएसारख्या संस्थेनं तपासून ॲक्रिलिकच्या पेटीत सील केलेलाच नग घ्या. त्या पेटीवर कार्ड, बबल आणि फिगर यांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात.

सुट्या फिगरमधल्या जोडणीच्या चुकीला तर शून्य किंमत द्या. वर सांगितलेलं गरम पाण्याचं पातेलं सगळ्यांच्या घरी असतं. पाच मिनिटांत कुणीही कुणालाही दोन डावे हात लावू शकतो.

माझा सैनिकही तसाच सुटा झाला होता, त्यामुळे ना परतावा ना किंमत. चार महिन्यांनी एकाकडून त्याच साच्याची, डोकं हरवलेली फिगर दोनशे रुपयांत मिळाली. तिचा उजवा हात पाण्यात नरम करून दंडातून काढला आणि माझ्या सैनिकाला बसवला. हाताची छटा जरा गडद आहे. संध्याकाळच्या उजेडात कळत नाही. बंदूक पहिल्यांदाच नीट बसली. उरलेला जास्तीचा डावा हात एका लहान पाकिटात, वर फिगरचं नाव आणि साल लिहून, कपाटाच्या खणात ठेवलाय. कुणाच्या सैनिकाला दोन उजवे हात आले असतील तर सांगा.